ढिगातला तिसरा हिस्सा

तुर्भ्याच्या सेक्टर १९ मधला घाऊक बाजार शहराच्या आधी जागा होतो. दाणाबाजारात ट्रक लागतात, माथाडी कामगारांच्या पाठीवरून गोण्या गाळ्यात जातात आणि एखादी गोणी उसवली की गहू फरशीवर ओघळतो. झाडूवाली बाई तो एका जागी लोटते. मूठभर असो की मणभर, गव्हाचा ढीग एकाच घाटाचा होतो: बुडाशी गोल, शेंड्याला निमुळता. वरून आणखी ओतले तर दाणे उतारावरून घरंगळतात, ढीग रुंदावतो, उंचावतो, पण त्याचा उतार तोच राहतो. शेजारी मोहरी सांडली तर तिचा ढीग जरा बसका होतो. कुसळे असलेल्या भाताचा मात्र जरा उभा राहतो.

समजा तराजू नाही, पायली नाही, हातात फक्त एक दोरी आहे. ढिगात धान्य किती, हे कसे सांगायचे?

हा प्रश्न साडेआठशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याशी एका गणितज्ञाने घेतला होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ‘राशिव्यवहार’ नावाचे प्रकरण आहे. राशी म्हणजे धान्याची रास, खळ्यात पडते ती. ढिगाच्या आत काठी घालून उंची मोजता येत नाही, म्हणून भास्कराचार्य दोरीने बुडाचा घेर मोजायला सांगतात. उंची त्या घेरावरूनच ठरते. जाड्या धान्याची उंची घेराच्या दहाव्या हिश्श्याइतकी, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्श्याइतकी. आजच्या भाषेत सांगायचे तर या ढिगांचे उतार सुमारे ३० ते ३५ अंशांचे येतात. धान्य हाताळणाऱ्या माणसांच्या नजरेत बसलेले हे माप श्लोकात बांधलेले आहे.

पुढची रीत तितकीच सुटसुटीत आहे. घेराचा सहावा हिस्सा काढा, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. त्यांचेच उदाहरण घेऊ. सपाट जमिनीवर जाड्या धान्याची रास, घेर ६० हात. उंची ६ हात. साठाचा सहावा हिस्सा १०, त्याचा वर्ग १००, गुणिले ६, म्हणजे ६०० घनहात. तेवढ्याच मागधी खारी. ढीग भिंतीला टेकलेला असेल, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असेल किंवा बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पडला असेल, तर दिसणाऱ्या घेराला अनुक्रमे २, ४ आणि ४/३ ने गुणून पूर्ण ढिगाचे माप काढायचे आणि आलेले उत्तर त्याच संख्येने भागायचे. गोदामात उभे राहिलेल्या माणसाला जे जे अडेल, ते सगळे यात आहे.

या रितीत एक गोष्ट दडलेली आहे. शंकूचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, आणि त्याचा तिसरा हिस्सा. व्यवहारात पायची किंमत ३ धरली की तो ३ आणि भागाकारातला ३ एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो तो त्रिज्येचा वर्ग आणि उंची. घेराचा सहावा हिस्सा म्हणजे व्यवहारातली त्रिज्याच. भास्कराचार्यांना पायची याहून नेमकी किंमत ठाऊक होती. ‘लीलावती’तच ३९२७/१२५० हा अपूर्णांक त्यांनी दिला आहे, म्हणजे ३.१४१६. ती वापरली तर ६० हात घेराच्या राशीचे उत्तर साधारण ५७३ येते. खळ्यावरच्या हिशेबाला सहाशे चालून जातात.

पण तो तिसरा हिस्सा येतो कुठून? गोल डब्यात तीन शंकू मावतात हे शाळेत पाण्याने भरून दाखवतात. तीनच का, हे पाणी सांगत नाही.

आज नवी मुंबईतला बारावीचा विद्यार्थी या प्रश्नाचे उत्तर रोज वहीत लिहितो. बहुपदीचे समाकलन करायचे असले की एक ओळीचा नियम पुरतो: घात एकाने वाढवा आणि नव्या घाताने भागा. क्षच्या वर्गाचे समाकलन क्षचा घन भागिले ३. क्षच्या घनाचे, क्षचा चौथा घात भागिले ४. नियम पाठ होतो, गुण मिळतात, आणि वर्गाखाली येणारा हा ३ म्हणजेच दाणाबाजारातल्या ढिगातला तिसरा हिस्सा आहे, हे सांगायला कुणाला सवड होत नाही. वास्तविक या नियमाचा जन्म ढिगातून झाला. त्याची गोष्ट रचलेल्या गोळ्यांपासून सुरू होते.

इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटांनी ‘आर्यभटीय’ लिहिले. त्यातल्या गणितपादात ‘चितिघन’ हा शब्द येतो. चिती म्हणजे रचून केलेला ढीग. त्याच घराण्यातला ‘चिता’ हा शब्द मराठीत आजही आहे. वर एक, खाली तीन, त्याखाली सहा, अशा त्रिकोणी थरांच्या ढिगात एकूण किती गोळे, हे आर्यभट सांगतात. पुढच्याच श्लोकात वर्गचितिघन आणि घनचितिघन, म्हणजे वर्गांची आणि घनांची बेरीज. ‘लीलावती’च्या श्रेढीव्यवहारात भास्कराचार्यांनी हीच मांडणी पुढे नेली. एकपासून सुरू होणाऱ्या अंकांच्या बेरजेला त्यांचा शब्द आहे ‘संकलित’, आणि अशा बेरजांच्या बेरजेला ‘संकलितैक्य’. एक ते नऊपर्यंतची संकलिते वेगवेगळी सांग, असे ते वाचकाला विचारतात. नऊचे संकलित ४५, संकलितैक्य १६५.

वर्गांच्या बेरजेसाठी त्यांची रीत अशी: पदांची संख्या दुप्पट करून त्यात १ मिळवा, ३ ने भागा, संकलिताने गुणा. दहा थरांचा चौकोनी ढीग घ्या. वर एक मोसंबे, खाली चार, मग नऊ, आणि सर्वांत खाली शंभर. २१ भागिले ३ म्हणजे ७, दहाचे संकलित ५५, एकूण ३८५ मोसंबी.

आता हा ढीग एका खोक्यात बसवून पाहू. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दहा फळांची, म्हणजे हजार फळांचे खोके. ढिगात ३८५, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून बरेच जास्त. थर शंभर केले तर खोक्यात दहा लाख आणि ढिगात ३ लाख ३८ हजार ३५०. थर हजार केले तर खोक्यात शंभर कोटी आणि ढिगात ३३ कोटी ३८ लाख ३३ हजार ५००. फळ जसजसे लहान होत जाते आणि थर वाढत जातात, तसतसा ढिगाचा वाटा एक तृतीयांशाकडे सरकत जातो. मोसंब्याच्या जागी गव्हाचा दाणा आला, दाण्याच्या जागी पीठ आले, की पायऱ्या पुसल्या जातात आणि उतार सरळ दिसू लागतो. शंकूचाही प्रकार हाच. शेंड्यापासून जितके खाली जावे तितकी चकती मोठी होते आणि तिचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढते. शंकू म्हणजे वर्गांची रास. हीच रास अंतहीन बारीक थरांनी रचणे म्हणजे वर्गाचे समाकलन.

हे ‘अंतहीन बारीक’ भास्कराचार्यांनी या शब्दांत मांडलेले नाही. पण ते तिथपर्यंत किती जवळ गेले होते, हे त्यांच्या गोलाध्यायात दिसते.

११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच पहिला भाग. गोलाध्यायावरच्या स्वतःच्याच टीकेत ते गोलाचे पृष्ठफळ कसे निघते हे समजावतात. डोळ्यांपुढे आवळा आणा. त्याच्या देठापासून बुडापर्यंत उभ्या रेघा असतात. गोलावर तशाच रेघा आखून त्याच्या फाका पाडायच्या, मग एका फाकेचे आडवे पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्ट्याची रुंदी अर्धज्येच्या, म्हणजे आजच्या साइनच्या, कोष्टकावरून येते. वर्तुळाच्या चतुर्थांशाला २४ ज्या, म्हणून पूर्ण परिघाला ९६ भाग आणि ९६ फाका. पट्ट्यांची बेरीज केली की फाकेचे क्षेत्रफळ आणि सगळ्या फाकांची मिळून व्यास गुणिले परीघ. गोलाच्या पृष्ठफळाचे हे सूत्र अगदी बरोबर आहे.

मग घनफळ. गोलाच्या पृष्ठावर एक चौरस एककाची घरे कल्पायची आणि प्रत्येक घरापासून गोलाच्या मध्यापर्यंत सुईसारखे निमुळते होत जाणारे खड्डे कल्पायचे. असा खड्डा म्हणजे सूचीखात, आणि सूचीखाताचे माप सरळ खड्ड्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके असते, हे ‘लीलावती’च्या खातव्यवहारातच दिलेले आहे. पृष्ठफळ गुणिले त्रिज्या, भागिले ३: गोलाचे घनफळ आले. खळ्यातल्या राशीतला तिसरा हिस्सा इथे आकाशातल्या गोलाच्या पोटात येऊन बसला.

भास्कराचार्यांच्या घराण्याने ही विद्या वाऱ्यावर सोडली नाही. त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या पदरी मुख्य ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी पाटण येथे मठ काढला. आजच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या डोंगरात हे गाव होते. १२०७ सालचा तिथला शिलालेख या मठाची हकिकत सांगतो. निकुंभ घराण्यातले सोइदेव आणि हेमाडीदेव हे बंधू त्याचे दाते. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील आला की भाषा त्या काळची मराठी होते. पाटणच्या बाजारात जे केणे, म्हणजे विक्रीचा माल, उतरेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिलेला आहे. बाजारात माल उतरायचा, त्यावर कर बसायचा आणि त्या करातून गोलाध्याय शिकवला जायचा. तुर्भ्याच्या व्यापाऱ्याला बाजार फी नवी नाही. ती एके काळी या मातीत गणिताच्या शाळेला पोसत होती, हे मात्र त्याला सांगितले पाहिजे.

‘लीलावती’ मग देशभर फिरली. तिच्या टीका लिहिल्या गेल्या, भाषांतरे झाली. तिच्या गणितातल्या संकलिताला सर्वांत मोठी झेप मिळाली ती मलबारात, निळा नदीच्या खोऱ्यात. चौदाव्या शतकातल्या माधवांपासून तिथे गणितज्ञांची अखंड परंपरा चालली. नीलकंठ सोमयाजींचा ‘तंत्रसंग्रह’ १५०० च्या सुमाराचा. त्यानंतर काही दशकांत ज्येष्ठदेवांनी मल्याळममध्ये ‘युक्तिभाषा’ लिहिली, तीही गद्यात आणि कारणांसकट. त्याच काळात शंकर वारियरांनी ‘क्रियाक्रमकरी’ लिहिली, आणि ती ‘लीलावती’वरचीच टीका आहे. या मंडळींना वर्तुळाचा परीघ हवा होता, तोही हव्या तितक्या अचूकपणे. त्यासाठी एकापासून खूप मोठ्या संख्येपर्यंतच्या वर्गांची, घनांची, चौथ्या घातांची, कुठल्याही घाताची बेरीज लागत होती. तिला त्यांनी नाव दिले ‘समघातसंकलित’. शब्द ‘लीलावती’चाच, पल्ला मात्र नवा.

त्यांची युक्ती कागदावर करून पाहण्यासारखी आहे. एक ते शंभरपर्यंतची बेरीज घ्या. शंभर ही संख्या मोठी मानली तर ती जवळपास शंभराच्या वर्गाच्या निम्मी असते: ५०५०, म्हणजे पाच हजार आणि वर थोडे. आता ती सबंध बेरीज शंभराने गुणा. वर्गांच्या बेरजेत मात्र प्रत्येक संख्या स्वतःनेच गुणलेली असते: ९९ ला ९९ ने, ९८ ला ९८ ने. म्हणून शंभराने गुणलेली बेरीज जास्त भरते. किती जास्त? ९९ एकदा जास्त मोजले गेले, ९८ दोनदा, ९७ तीनदा. हे जादा आकडे गोळा केले की दिसते ती ९९ पर्यंतची बेरीज, अधिक ९८ पर्यंतची, अधिक ९७ पर्यंतची, अशी बेरजांची बेरीज. म्हणजे भास्कराचार्यांचे संकलितैक्यच. त्यातली प्रत्येक बेरीज त्या त्या संख्येच्या वर्गाच्या जवळपास निम्मी असते, म्हणून ही सारी जादा रक्कम वर्गांच्या बेरजेच्या निम्मी. शंभराच्या घनाचा अर्धा भाग म्हणजे वर्गांची बेरीज आणि तिचा आणखी निम्मा भाग, मिळून दीडपट. तेव्हा वर्गांची बेरीज शंभराच्या घनाचा तिसरा हिस्सा.

तो तीन असा हाती लागतो. तो दोनातून आलेला असतो आणि त्यात एकाची भर पडलेली असते. हाच डाव पुन्हा खेळला की घनांसाठी ४, चौथ्या घातासाठी ५. ‘युक्तिभाषे’ने ही साखळी कुठल्याही घातापर्यंत नेली आहे. घात एकाने वाढवा आणि नव्या घाताने भागा, हा बारावीचा नियम मलबारात सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारणासकट लिहिला गेला होता.

पश्चिमेकडेही ढिगांवरूनच ही वाट गेली. आर्किमिडीजने वर्गांच्या बेरजा वापरल्या होत्या. अकराव्या शतकाच्या आसपास इब्न अल् हैथमने चौथ्या घातांची बेरीज करून एका घनाकृतीचे माप काढले होते. १६३५ मध्ये इटलीत काव्हालिएरीचे पुस्तक आले. त्यात आकृती म्हणजे असंख्य पातळ रेघांची रास मानली होती. फर्मा आणि पास्कल यांनी फ्रान्समध्ये, वॉलिसने इंग्लंडमध्ये नियम रुंदावत नेला. १६६९ मध्ये न्यूटनने एका छोट्या हस्तलिखितात तो एकदम आरंभीच ठेवला. पहिला नियम एका पदाचा: घात वाढवा, भागा. दुसरा नियम अनेक पदांचा: प्रत्येक पदाचे वेगळे काढा आणि बेरीज करा. बहुपदीचे समाकलन या दोन नियमांतच संपते. ते हस्तलिखित छापून निघायला १७११ साल उजाडले.

दरम्यान ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर सतरा महिन्यांच्या आत, २९ ऑक्टोबर १६७५ रोजी, पॅरिसमध्ये लाइब्निझने आपल्या टिपणात एक लांबट वेलांटीसारखी खूण केली. ‘सुम्मा’, म्हणजे बेरीज, या लॅटिन शब्दाचे ते आद्याक्षर. समाकलनाची खूण म्हणून तेच आज जगभर लिहिले जाते. बेरजेचा अर्थ त्या खुणेतही आहे आणि आपल्या ‘समाकलना’तही. ‘संकलित’ आणि ‘समाकलन’ हे एकाच धातूचे शब्द आहेत.

ही विद्या मराठी माणसाकडे परत आली ती इंग्रजी पुस्तकांतून, एकोणिसाव्या शतकात. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांना आपण ‘दर्पण’कार म्हणून ओळखतो. ६ जानेवारी १८३२ हा त्या पत्राचा जन्मदिवस. पण ते एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवत होते, कुलाब्याच्या वेधशाळेशीही त्यांचा संबंध होता, आणि ‘शून्यलब्धि’ हे मराठीतले कॅल्क्युलसवरचे पहिले पुस्तक त्यांच्या नावावर आहे. लब्धी म्हणजे भागाकाराचे फळ. शून्याकडे जाणाऱ्या राशींच्या भागाकारातून काय हाती लागते, हा त्या शास्त्राचा गाभा त्यांनी नावातच आणून ठेवला. १८४६ मध्ये, ऐन पस्तिशीच्या आत, ते गेले. कुलाब्याच्याच वेधशाळेत १८४० मध्ये नागावचे केरो लक्ष्मण छत्रे पोरवयात नोकरीला लागले. पुढे पुण्याला ‘केरूनाना’ म्हणून ते गणिताचे गुरू झाले. टिळक आणि आगरकर त्यांच्याच वर्गात बसले.

त्या पिढीतला तिसरा मराठी गणितज्ञ घरापासून दूर होता. गोदाकाठच्या टोक्याच्या घराण्यातले बापूदेव शास्त्री १८२१ मध्ये पुण्यात जन्मले, नागपुरात ‘लीलावती’ आणि बीजगणित शिकले. भोपाळजवळच्या सिहोरला इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी होता लान्सलॉट विल्किन्सन. त्याला सिद्धान्तग्रंथांचे वेड होते. १८३८ मध्ये त्याने या हुशार मुलाला सिहोरला नेले. पुढे बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर बापूदेवांनी तपासले आणि १८६१ मध्ये ते छापून निघाले.

त्याआधी, १८५८ मध्ये, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक छोटा लेख लिहिला होता. भास्कराचार्यांना डिफरन्शियल कॅल्क्युलसचे तत्त्व ठाऊक होते, असा त्यांचा दावा होता. आधार होता ग्रहाच्या ‘तात्कालिक गती’चा: दिवसभराच्या सरासरीऐवजी त्या क्षणाची गती. लंडनमध्ये विल्यम स्पॉटिसवूड या गणितज्ञाने १८६० च्या सुमारास त्याला उत्तर दिले. अतिसूक्ष्म राशीची कल्पना भास्कराचार्यांनी स्पष्टपणे मांडलेली नाही, तेव्हा दावा जरा जास्त होतो, असे त्याचे म्हणणे पडले. तरी पद्धतीतली सूक्ष्म दृष्टी त्याने मान्य केली.

हा वाद गतीचा होता, म्हणजे कॅल्क्युलसच्या अर्ध्या भागाचा. बेरजेच्या, राशीच्या अर्ध्या भागाचा पुरावा त्याआधी चोवीस वर्षे छापलेला होता. चार्ल्स व्हिश हा कंपनीचा मलबारातला अधिकारी. केरळच्या ग्रंथांतल्या अनंत श्रेढींवरचा त्याचा निबंध १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला. ‘युक्तिभाषा’ आणि ‘तंत्रसंग्रह’ यांची नावे त्यात आहेत. तो निबंध जवळजवळ शंभर वर्षे धूळ खात पडला.

मुंबईत त्याच काळात आणखी एक माणूस भास्कराचार्यांच्या मागावर होता. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड दिवसा रोगी तपासत आणि उरलेल्या वेळात शिलालेख, नाणी, पोथ्या गोळा करत. पाटणचा शिलालेख त्यांनीच उजेडात आणला आणि १८६५ मध्ये आर्यभटांपासून भास्कराचार्यांपर्यंतच्या काळाचा निर्णय करणाऱ्या निबंधातून तो जगापुढे ठेवला. सहाशे वर्षे डोंगरात मुकी राहिलेली मठाची हकिकत पुन्हा वाचली गेली.

केरळची बाजूही अखेर मुंबईतूनच बोलली. १९४४ मध्ये के. मुकुंद मारार आणि सी. टी. राजगोपाल यांचा वर्तुळाच्या परिघावरचा लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. फोर्टातल्या टाऊन हॉलमध्ये ही संस्था नांदत होती आणि एके काळी भाऊ दाजीही तिच्यातच वावरले होते. व्हिशचे म्हणणे खरे होते, हे त्या लेखापासून अभ्यासकांना नव्याने दिसू लागले. चार वर्षांनी ‘युक्तिभाषे’चा गणिती भाग टिपांसह त्रिचूरहून छापून निघाला.

टाऊन हॉलपासून क्रॉफर्ड मार्केट फार लांब नाही. तिथला फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये तुर्भ्याला आला. दाणाबाजार त्याआधी काही वर्षे आलेला होता आणि कांदा-बटाटा १९८१ पासूनच होता. मुंबईच्या जुन्या बाजारांतल्या राशी एकेक करून खाडीपार आल्या.

फळबाजाराबाहेर हातगाडीवर मोसंबी रचणारा माणूस कधी कधी चौकोनी ढिगाऐवजी लांबट ढीग रचतो, घराच्या छपरासारखा. वरच्या कण्यावर दोन फळे, त्याखाली दोन गुणिले तीन म्हणजे सहा, मग तीन गुणिले चार म्हणजे बारा. कुठलाही थर घ्या, तो थराच्या क्रमांकाचा वर्ग अधिक तोच क्रमांक इतका भरतो. म्हणजे ही एक बहुपदी आहे: क्षचा वर्ग अधिक क्ष. दहा थरांत वर्गांचे ३८५ आणि साध्या संकलिताचे ५५, एकूण ४४०, म्हणजे ‘लीलावती’च्या रितीने दहाच्या संकलितैक्याच्या बरोबर दुप्पट. थर अगणित झाले की वर्गाच्या वाट्याला क्षचा घन भागिले ३ आणि क्षच्या वाट्याला क्षचा वर्ग भागिले २, आणि दोहोंची बेरीज. गाडीवर आधीपासून काही फळे पडलेली असतील तर ती वेगळी मिळवायची. विद्यार्थी उत्तराच्या शेवटी जो स्थिरांक लिहायला हमखास विसरतो, तो हाच.

गाडीवाला खालचा थर लावतो, फळ बोटांनी जरा फिरवून दोन फळांच्या खाचेत बसवतो, वर वर जातो आणि शेवटी कण्यावर दोन मोसंबी ठेवून हात पुसतो.